भुईकोटाची चढाई

सह्याद्रीतल्या गडांनी किल्ल्याविषयीच्या आपल्या कल्पना पार बिघडवून ठेवल्या आहेत. किल्ला म्हटलं की पहाटे चारचा गजर, पायथ्याच्या गावात पोहे, मग घाम, धाप, ‘अजून किती राहिलं हो?’ ही विचारणा आणि वरून उतरणाऱ्याने दिलेलं ‘हे काय, आलंच’ हे धादांत खोटं आश्वासन. माथ्यावर पोहोचलेला माणूस आधी फोटो काढतो, मग श्वास घेतो. जो दमला नाही त्याने किल्ला पाहिलाच नाही, असा एक अलिखित नियम पुण्या-मुंबईकडे होऊन बसला आहे.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्याचा एकही नाही. यात रुसण्याजोगं काही नाही. ती यादी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेची होती, आणि आमच्याकडचे किल्ले राष्ट्रकूटांपासून हैदराबादच्या निजामापर्यंत भलत्याच मालकांच्या हातांतून फिरत आलेले. पण आमच्या किल्ल्यांच्या अंगी जो गुण आहे त्याची दखल कुठलीच समिती घेत नाही. आमचा किल्ला सहसा जमिनीवर असतो. कंधार, उदगीर, औसा, परांडा, सगळे भुईकोट. स्टँडवर उतरा, चहा घ्या, रिक्षा करा आणि थेट दारात उतरा. गुडघेदुखी, दमा, नुकतंच झालेलं जेवण, यांपैकी काहीही आड येत नाही. निवांत माणसाने बघावा असा किल्ला महाराष्ट्रात शोधायचा तर तो मराठवाड्यातच सापडेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हे मत पुण्यात राहून आलेल्या माणसाला पटवणं मात्र सोपं नाही. माझा भाचा हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. सुटीत आमच्या गावी, उमरीला आला आणि ‘मामा, जवळपास एखादा फोर्ट करू’ म्हणाला. पुण्याकडची माणसं किल्ला बघत नाहीत, ‘करतात’. मी म्हटलं, कंधारला जाऊ. लातूरहून अक्का आणि दाजी आलेलेच होते. आमच्या आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे, तीही ‘मी पण येते’ म्हणून उठली. भाचा जरा काळजीत पडला. ‘आज्जीला झेपेल का? डिफिकल्टी लेव्हल काय आहे?’ दाजी म्हणाले, ‘लेव्हलच हाय. डिफिकल्टी न्हाई.’

सकाळी स्टेशनवर तो जो सरंजाम घेऊन आला, तो पाहून फलाटावरच्या माणसांनी त्याला रेल्वेचा सर्व्हेवाला समजायला हरकत नव्हती. पाठीवर आईच्या खांद्याला लागेल एवढी सॅक. घोट्यापर्यंत चढलेले बूट. घडीची काठी, कपाळाला बांधायचा दिवा, गुंडाळी करून बांधलेली चटई, दोरखंड आणि ‘एनर्जी बार’ नावाच्या चकचकीत वड्या. अक्काच्या हातात एकच पिशवी होती. तिच्यात धपाटे, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, वांग्याची भाजी, दह्याचा डबा आणि वाटेत भूक लागली तर म्हणून सुशीला. चुरमुऱ्यांचा हा ओलसर प्रकार पुण्यात कुणाला ठाऊक नसतो. सुशीला सोबत आहे म्हटल्यावर भाच्याने मागे वळून कोण मावशी आली ते पाहिलं.

आमची उमरी सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरची. गाव लहान, पण इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या नावाला एक ओळ नक्की आहे. १९४८ च्या जानेवारीत हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली आणि पैसा लढ्याच्या कामी लावला. बँक लुटल्याचा अभिमान बाळगणारी गावं जगात फारशी नसतील. गाडी क्रॉसिंगला थांबली तेव्हा मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग तिथे काही मेमोरियल, म्युझियम, एक्सपीरियन्स सेंटर?’ मी खिडकीबाहेर बघू लागलो.

मुदखेडला फुलांच्या पाट्या चढल्या, डबा गुलाबाने घमघमला आणि नांदेड आलं. पुढचा प्रवास एसटीने. एसटीत हल्ली प्रत्येक कुटुंबाची जातवारी, वयवारी वेगळी निघते. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत, त्यामुळे आई फुकट. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे अक्का अर्धी. दाजी पासष्टीपुढचे, तेही अर्धे. भाचा आणि मी तेवढे पूर्ण. वाहकाने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात महामंडळाचा सगळा डोलारा आम्हा दोघांच्याच जिवावर चालल्याची जाणीव होती. आईने आपलं शून्य रुपयांचं तिकीट नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं. फुकटचं असलं तरी तिकीट ते तिकीट, मध्येच तपासनीस चढला तर?

विष्णुपुरी, सोनखेड करत लोहा आलं. याच रस्त्याने पुढे माळेगाव. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार लागतो. दाजींनी त्या बाजारात गाढवांची तपासणी कशी चालते याचं साग्रसंगीत वर्णन सुरू केलं. शेजारचे दोन प्रवासी त्यात सामील झाले, एकाने दातांवरून वय कसं ओळखायचं ते आपल्याच दातांवर दाखवलं, आणि कंधार कधी आलं ते कळलं नाही.

कंधारच्या नावावरून बाहेरगावची माणसं हमखास अफगाणिस्तानात जातात. त्यांचा दोष नाही, शहाजहान बादशहाकडे दोन्ही होती. आमचं कंधार त्याच्या सरदाराने, नसीरीखानाने, १६३१ मध्ये घेतलं. त्यासाठी चार महिन्यांवर वेढा घालून बसावं लागलं. अफगाणिस्तानातलं १६३८ मध्ये न लढता हाती आलं आणि १६४९ मध्ये इराणच्या शहाने परत घेतलं. ते सोडवायला मोगलांनी तीन वेळा फौजा पाठवल्या, तिन्ही वेळा हात हलवत माघारी आल्या. फुकट मिळालेलं टिकलं नाही, चार महिने खपून मिळवलेलं टिकलं. कंधारच्या शाळांमधून हा धडा सुविचार म्हणून फळ्यावर लिहायला हवा.

किल्ल्यासमोर रिक्षातून उतरलो. भाच्याने बुटांच्या नाड्या आवळल्या, मनगटावरच्या घड्याळात ‘ट्रेक’ सुरू केला, मान वर करून माथा शोधला. माथा नव्हता. समोर रस्त्याच्या पातळीवर खंदक, त्यापलीकडे तट, आणि तटात दरवाजा.

‘वर कुठून जायचं?’ त्याने विचारलं.

‘वर कशाला जायचं?’ आई म्हणाली. ‘दार हितंच हाय की.’ आणि ती आत शिरलीसुद्धा. नसीरीखानाला चार महिने लागले होते. आमच्या आईने पदर सावरता सावरता कंधारचा किल्ला घेतला.

दाजी मात्र खंदकापाशी अडले होते. खंदक चांगला रुंद, आणि त्यात पाणी. दाजी लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या दिवसांत त्यांनी घागरीचे नंबर धरलेले. त्यांनी ते पाणी अशा नजरेने पाहिलं की तिथं पहारेकरी असता तर त्याला शंका आली असती. ‘एवढं पाणी,’ ते म्हणाले, ‘नुसतं दुश्मनाला आत येऊ देऊ नये म्हणून?’ मी त्यांना सांगितलं की गावाजवळचा राष्ट्रकूटांच्या काळचा तलावही अजून आहे आणि त्याचं नाव जगत्तुंग समुद्र आहे. दाजींनी क्षणभर विचार केला. ‘राष्ट्रकूट आमचेच,’ ते म्हणाले. आणि यात तथ्य आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत आणि लट्टलूर म्हणजे लातूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘मूळ गाव लातूर, आणि समुद्र बांधला कंधारला,’ दाजी म्हणाले. ‘पुढाऱ्यांची रीत तेव्हापासून हीच.’

हा किल्ला राष्ट्रकूटांचा, दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाशी त्याचं नाव जोडलं जातं. नंतर जो आला त्याने आपापली भर घातली. एकात एक तट, मधून वाट, आणि दरवाजे एका रेषेत नाहीत. एक दार ओलांडलं की समोर भिंत, वळायचं, की दुसरं दार. मी भाच्याला समजावलं की हत्तीला पळत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून ही रचना. अक्का म्हणाली, ‘हत्ती राहू दे. आपल्या जुन्या वाड्याचं दारही असंच होतं. बाहेरच्याला चूल दिसू नये म्हणून.’ मी विरोध केला नाही. किल्ल्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी तोफा मोजल्या आहेत. आतल्या बाईला रस्त्यावरच्याने बघू नये एवढ्यासाठीही राजाने भिंत वळवली असेल, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

आत राणीमहाल, अंबरखाना, मशीद, पडक्या भिंती आणि रांगेने मांडलेल्या मूर्ती. आई प्रत्येक मूर्तीपुढे थांबून हात जोडत होती. एक जैन मूर्ती लागली, तिलाही जोडले, मशिदीलाही जोडले. भाचा म्हणाला, ‘आज्जी, हे कोण आहेत माहीत आहे का?’ आई म्हणाली, ‘कुणी का असंना. मोठ्या घरी आलाव तर सगळ्याच मोठ्यांना नमस्कार करावा. एकाला केला, एकाला न्हाई, तर बरं दिसत न्हाई.’

क्षेत्रपालाची गोष्ट मात्र तिला मनापासून आवडली. कंधारजवळ मानसपुरीत एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले. पावलं, गुडघे, असे सुटे सुटे. ती क्षेत्रपालाची मूर्ती असावी आणि उभी होती तेव्हा पन्नास फुटांच्या घरात असावी, असा जाणकारांचा अंदाज. ते पाऊल पाहिलं की आधी विश्वास बसत नाही, मग आपोआप आपल्या पावलाकडे नजर जाते. भाच्याचीही गेली. आईने त्या दगडी बोटांवरून हात फिरवला, मग भाच्याच्या बुटांकडे बघून विचारलं, ‘कितीला आणले रे?’

त्याने आकडा सांगितला. आईने तो आकडा मनात क्षेत्रपालाच्या मापाला वाढवून पाहिला असावा, कारण ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणून देव अनवाणी हाय.’

उन्हं चढली तशी भाच्याच्या सरंजामाची वाटणी सुरू झाली. घडीची काठी पहिल्याच दरवाजात आईकडे गेली होती. तिने ती फार चांगली म्हणून वाखाणली, विशेषतः तिच्या मुठीचं रबर, आणि संध्याकाळपर्यंत ती परत मिळेल अशी चिन्हं दिसेनात. कपाळावरचा दिवा दाजींनी घेतला. अंबरखान्याच्या अंधारात तो लावून ते शिरले आणि वटवाघळांचा एक थवा घेऊनच बाहेर आले. बाहेर उजेडात आल्यावरही दिवा त्यांच्या कपाळावर जळतच होता. किल्ल्यात फिरायला आलेल्या एका शाळकरी टोळीने त्यांना ‘सर, उत्खनन चाललंय का?’ असं विचारलं, तेव्हा त्यांनी ‘हां’ म्हणून सांगितलं आणि त्या पोरांना राष्ट्रकूट लातूरचे कसे, ते पदरच्या तपशिलांसह ऐकवलं.

जेवायला एका चिंचेखाली बसलो. धपाट्यांचा डबा उघडला आणि कुठून कुठून माणसं जवळ येऊन नुसतीच ‘कुठले?’ म्हणून विचारू लागली. ‘उमरीचे’ म्हटल्यावर ‘बसा की, सावली हाय’ असं सांगून तीही बसली. भाच्याने एनर्जी बार काढून सगळ्यांना देऊ केले. आईने एक तुकडा तोडला, चघळला, डोळे मिटले.

‘शेंगदाण्याचा लाडू हाय,’ ती म्हणाली. ‘पण गूळ चोरलाय. कितीला?’

या खेपेला भाच्याने आकडा सांगितला नाही. तो शहाणा होऊ लागला होता.

जेवण झाल्यावर चटईवर दाजी आडवे झाले. ट्रेकिंगची ती चटई डोंगरातल्या दगडगोट्यांवर झोपता यावं म्हणून बनवलेली. कंधारच्या चिंचेखाली मऊ मातीवर ती अंथरल्यावर दाजींना जी झोप लागली, ती तीन हजार फूट चढून आलेल्यालाही लागत नसेल. भाच्याच्या घड्याळाने याच सुमारास मनगटाला टिचक्या मारायला सुरुवात केली. ‘तुम्ही बराच वेळ बसून आहात, उठा,’ असं ते म्हणत होतं. चढ किती झाला हा रकाना त्यात होता, तो जवळपास कोराच होता. भाचा घड्याळ काढून सॅकमध्ये ठेवता झाला. त्यानंतर तोही आडवा झाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पुण्याचा वाटेनासा झाला.

शेजारी बसलेल्या गृहस्थांशी माझं बोलणं सुरू झालं. मन्याड नदीच्या या खोऱ्यात दोन माणसं भेटली की तिसरे भाई केशवराव धोंडगे येऊन बसतातच, मग ते हयात असोत वा नसोत. शेतकरी कामगार पक्षाचे भाई, विधानसभा हसवून, दणाणून सोडणारे, गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवणारे. २०२३ च्या एक जानेवारीला गेले तेव्हा शंभरी ओलांडली होती. ‘भाई बोलाय लागले की सभेत माणूस जाग्यावरून हालत नव्हता,’ ते गृहस्थ म्हणाले. ‘तुमी काय शोधायलाव किल्ल्यात? भुयार?’

‘नाही, सहज आलो.’

त्यांना आनंद झाला. भुयार शोधत येणाऱ्यांचा त्यांना उबग आला असावा. मराठवाड्यातल्या प्रत्येक भुईकोटातून पन्नास-शंभर किलोमीटर लांबच्या दुसऱ्या भुईकोटात जाणारं भुयार असतं, आणि त्यातून घोडेस्वार गेल्याचं सांगणारा एक तरी म्हातारा असतो. त्या सगळ्या भुयारांची बेरीज केली, तर आम्हाला रेल्वे मागायची गरजच पडली नसती.

किल्ला झाल्यावर भाच्याच्या हिशेबी दिवस संपला होता. अक्काच्या हिशेबी सुरू व्हायचा होता. छोट्या गावचा बाजार बघितल्याशिवाय गावाला गेल्याचं तिला पटत नाही. आधी हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्यावर जाऊन आलो, मग बाजारात शिरलो. चाळणी, पळी, लसूण, पापड, उमरीत आणि लातुरात मिळतात त्याच वस्तू. तरी अक्का प्रत्येक दुकानात ‘हितला माल निराळाच असतो बघा’ म्हणत होती. दुकानदारही ‘कंधारचं दगडकाम राजाच्या टायमापासून’ असं सांगून तिला दुजोरा देत होता. शेवटी तिने एक खलबत्ता पसंत केला. काळा, दगडी, दोघांनी उचलायचा.

सगळे सॅककडे वळले. पन्नास लिटरची ती सॅक, जिच्या जाहिरातीत बर्फाची शिखरं होती, तिच्यात कंधारचा खलबत्ता बसला. बत्ता बाहेर राहिला, तो दोरखंडाने बांधला. दोर डोंगरावरून उतरायच्या तोडीचा, त्यामुळे नांदेडपर्यंत गाठ तसूभर सैल झाली नाही. स्टँडपर्यंतच्या वाटेवर भाच्याला घाम फुटला, धाप लागली, बुटांचा खरा उपयोग झाला. त्याने वाटेत थांबून ‘अजून किती राहिलं?’ विचारलं आणि समोरून येणारा एक जण ‘हे काय, आलंच’ म्हणून निघून गेला. भुईकोटावरही चढाई असते, फक्त ती बाजारानंतर येते.

परतीच्या एसटीत पुढच्या सहलीची चर्चा निघाली. भाचा आता आमच्या बाजूचा झाला होता. उदगीर करू म्हणाला. दाजींनी लगेच सांगितलं की १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते त्याच भागात, आणि उदगीर लातूर जिल्ह्यात येतं. अक्काने उदगीरचा बाजार कुठल्या वारी भरतो त्याची चौकशी केली. मग भाच्याला माहूर आठवलं. नांदेड जिल्ह्यातच आहे, डोंगरावर आहे, मोठा किल्ला आहे, जंगल आहे. ‘पण तिथे चढ आहे,’ तो आईकडे बघून म्हणाला, ‘आज्जीला नाही जमणार.’

आई काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. रेणुकामातेच्या पायऱ्या ती लग्न झाल्यापासून चढत आली आहे.

‘माहूरला देवी हाय, तिच्यासाठी कव्हाबी चढते,’ ती म्हणाली. ‘राजासाठी न्हाई चढणार. त्याला गरज असली तर त्याने खाली यावं.’